मदत हवी आहे: शाळा म्हणते मुलीला एक वर्ष मागे बसवा

कृष्णाकाठ: मुलगी आत्तापर्यंत जिथे शिकली तिथे ठरलेलं वेळापत्रक नाही, काय शिकायचं ते मुलं आणि ताई मिळून ठरवतात, लेखी परीक्षा नाही. आता आम्ही सांगलीला आलोय, इथल्या शाळेने चाचणी घेतली आणि एक वर्ष मागे बसवा म्हणाले. 84 चिंचोके 6 जणांत वाट म्हटलं की पटकन 14 सांगते पण भागाकार मांडायला दिला की गप्प. काय करू, ॲडमिशन बंद होतील, लवकर सांगा.

घाटमाथा: कितवीत घालताय? बोर्ड कोणतं?

कृष्णाकाठ: पाचवी, स्टेट बोर्ड.

माणदेशी: ताई फलटणला कमला निंबकर बालभवन आहे, अशाच विचारांची शाळा, 1986 पासून. तिथेच घाला.

घाटमाथा: अहो त्या सांगलीत आहेत, रोज फलटणला कशी जाईल पोर?

शाळामास्तर: मुळात चाचणी घेणंच बेकायदा आहे. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 13. आणि कलम 4 प्रमाणे वयानुसार वर्ग द्यावाच लागतो. नकार लेखी मागा, नाही दिला तर झेडपीत शिक्षणाधिकारी प्राथमिककडे अर्ज द्या.

अजिंक्यतारा: कायदा राहू दे, पाचवीला 2023 पासून वार्षिक परीक्षा आहे, फेरपरीक्षेतही नापास झाली तर तिथेच ठेवतात. असल्या शाळांनी पोरांचं नुकसान होतं, पाया कच्चा राहतो.

शाळामास्तर: पाया कच्चा कसा? 14 मनाने काढते ना! तिला विचारा चिंचोके कसे वाटलेस. आधी सगळ्यांना 10-10 दिले म्हणेल, 60 गेले, 24 उरले, मग 4-4. मांडणीत वर 1 लिहितो ते तेच 10, आणि 4 खाली घेतला की तेच 24. चिंचोके वाटत वाटत शेजारी लिहायला लावा, जमेल तिला.

रांगडा_गडी: आत्तापासून सातारा सैनिक स्कूलची तयारी घ्या, सहावीला प्रवेश परीक्षा असते, मुलींनाही घेतात. माझा पुतण्या...

घाटमाथा: दादा, ते विचारलंय का त्यांनी? ताई, नवीन शाळा सेमी आहे का?

कृष्णाकाठ: हो सेमी. आधीची पूर्ण मराठी होती. चाचणीचा पेपर इंग्रजीत होता, डिव्हाइड वगैरे.

घाटमाथा: हे आधी सांगायचं ना! तिला प्रश्नच कळला नसेल.

कृष्णाकाठ: आत्ता विचारलं तिला, डिव्हाइड म्हणजे काय ते माहीतच नाही म्हणते. उद्या सकाळीच जाते शाळेत, लेखी पण मागते.