पायात गोळा आला, उसण भरली, चमक निघाली... हे इंग्लिशमध्ये नीट कसं सांगायचं?

मुक्ता_लिहिते
माझे फिजिओथेरपिस्ट फक्त इंग्लिश बोलतात. परवा रात्री झोपेत पोटरीत असा गोळा आला की उठून बसले, पोटरी दगडासारखी कडक आणि पायाची बोटं आपोआप खाली वळलेली, दोन-तीन मिनिटं हलताच येईना. दुसऱ्या दिवशी त्यांना सांगितलं 'आय गॉट अ लम्प इन माय लेग', तर ते बोटांनी दाबून दाबून गाठ शोधायला लागले. मला काय म्हणायचंय ते शेवटपर्यंत पोचलंच नाही, आणि मनापासून वाईट वाटलं कारण दुखणं माझं आणि शब्द सापडत नव्हते. उसण, चमक, मुंग्या, ठणका यांना रोजच्या बोलण्यात काय म्हणतात? पुस्तकी नको प्लीज.

सदा_वाचक
लम्प म्हणजे हाताला लागणारी गाठ, म्हणून ते गाठ शोधत होते. गोळ्याला क्रॅम्प. 'आय गॉट अ क्रॅम्प इन माय काफ लास्ट नाइट, इट वोक मी अप', एवढं पुरे. ब्रिटिश लोक बरेचदा 'अ' लावतच नाहीत, नुसतं 'आय'व्ह गॉट क्रॅम्प'. अमेरिकेत 'चार्ली हॉर्स' पण ऐकशील, १८८० च्या दशकात बेसबॉल खेळणाऱ्यांच्या बोलण्यातून आलेला शब्द. आणि एक जपून, पायाचं नाव न घेता नुसतं 'आय हॅव क्रॅम्प्स' म्हटलंस तर समोरच्याला पोटात किंवा पाळीचं दुखतंय असं वाटू शकतं.

ऋजुता_न
मी कामासाठी दिवसभर इंग्लिशच बोलते, माझा अनुभव असा की आपण नाम शोधत बसतो आणि तिथेच अडकतो. मराठीत दुखणं येतं, भरतं, निघतं. इंग्लिशमध्ये बऱ्याचदा तो अवयवच काहीतरी करतो. पाठीत उसण भरली की 'माय बॅक सीझ्ड अप', वाकताना भरली तर 'आय बेंट डाउन अँड माय बॅक वेंट आउट'. मान अवघडली तर 'आय वोक अप विथ अ स्टिफ नेक'. पळताना बरगडीखाली टोचतं ते 'स्टिच'. पायाला मुंग्या आल्या तर 'माय फूट फेल अस्लीप', आणि जाग यायला लागल्यावर टोचतं ते 'पिन्स अँड नीडल्स'. 'माय लेग इज पेनिंग' आपल्याकडे सगळे म्हणतात, बाहेर 'माय लेग हर्ट्स' म्हणतात.

चमकेला एक शब्द नाही. क्षणभर सुरी खुपसल्यासारखी असेल तर 'स्टॅबिंग', कमरेतून पायाकडे सणकत गेली तर 'अ शूटिंग पेन डाउन माय लेग', ठणक्याला 'थ्रॉबिंग', बारीक सतत दुखतं ते 'डल एक' (ache). मध्येच थांबून परत येत असेल तर 'इट कम्स अँड गोज', हे आवर्जून सांग. कुठे दुखतं, कसं दुखतं आणि काय केल्यावर वाढतं हे सांगितलंस की नाव समोरचा शोधतो.

सदा_वाचक
हो, आणि मुरगळणं विसरायला नको, 'आय ट्विस्टेड माय अँकल'. स्प्रेन लिगामेंटचा, म्हणजे सांध्यातली हाडं जोडणाऱ्या पट्ट्याचा, स्नायू ताणला गेला तर 'आय पुल्ड अ मसल'. लोक सर्रास अदलाबदल करतात.

शांत_दुपार
वेगळं पण महत्त्वाचं. छातीत अचानक दाब आल्यासारखं झालं तर शब्द जुळवत बसू नका, 'चेस्ट पेन' एवढंच मोठ्याने म्हणा आणि मदत मागा. तसंच एकाच पोटरीला सूज, गरमपणा आणि न जाणारं दुखणं असेल तर त्याला क्रॅम्प म्हणून सोडून देऊ नका, रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तिथे 'इट'स स्वोलन अँड वॉर्म' हे सांगायला हवंच.

मुक्ता_लिहिते
ऋजुता, शूटिंग पेन अगदी तेच होतं, कमरेतून टाचेपर्यंत जातं ते, इतके दिवस मी त्याला 'करंट' म्हणत होते. सूज नाहीये, सगळं मोबाईलमध्ये लिहून घेतलंय, उद्या अपॉइंटमेंट आहे.

ऋजुता_न
करंटही चालेल गं, फक्त 'इट फील्स लाइक अॅन इलेक्ट्रिक शॉक' असं म्हण. आणि टाचेपर्यंत जातं हे सगळ्यात आधी सांग.