विषय: फोटो झूम केले की पुसट होऊन राहिले, अर्जंट

साकोलीवाला:

नमस्कार मंडळी,
झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या नाटकाच्या, स्लाइडशोचं काम गावातच बसून करून राहिलो, तुम्हाला माहीतच आहे. फोटो लॅपटॉपवर नुसता उघडला की एकदम क्लिअर, नटाच्या कपाळावरचं गंधही दिसते, आणि तोच फोटो प्रीमियरमध्ये (व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर) टाकून हळूहळू झूम केला की चेहरा पुसट. कॅमेऱ्याचे फोटो आहेत, ६००० बाय ४०००, टाइमलाइन १९२० बाय १०८०. एक्स्पोर्ट करूनही पाहिलं, तेच. शनिवारी समितीला फाइल द्यायची आहे आणि कोजागिरीले जे झालं ते पुन्हा नको. इथे संध्याकाळी लाइन जाते, म्हणून कोणाले माहीत असेल तर दिवसाच सांगा जी.

आर्णीचे भाऊ:

बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला व्हिडिओत जाणारा डेटा, वाढव, दुसरं काही नाही. १०८० साठी ३० फ्रेमपर्यंत यूट्यूबवालेच ८ एमबीपीएस सांगतात, तू १६ ठेव, फाइल मोठी होईल पण होऊ दे. गणपतीचा व्हिडिओ मी तसाच केला होता आणि कोणाची तक्रार आली नाही. आणि प्रोग्राम विंडोखाली प्लेबॅक रिझोल्यूशन कितीवर आहे? एक चतुर्थांश असेल तर पुसटच दिसणार, ते फुल कर आणि मग बोल.

हॉल आणि साऊंडवाले:

कृपया सगळ्यांनी लक्षात घ्या, हॉलचा प्रोजेक्टर आणि लॅपटॉप मी बघतो आणि फाइल माझ्याकडूनच चालते. प्रोजेक्टर १२८० बाय ८०० चा आहे. १६ एमबीपीएस चालेल, पण फोर-के करून आणू नका, तो लॅपटॉप अडकतो, कोजागिरीला तेच झालं होतं. एमपी४, एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत), १०८०, एवढंच द्या. आणि पेनड्राइव्ह आदल्या दिवशी, कार्यक्रमाच्या दारात नाही.

मोर्शीची ताई:

प्रोजेक्टर १२८० चा असेल तर हॉलमध्ये फरक दिसणार नाही असं म्हणायचं आहे का? मग कोजागिरीला माझ्या बाबांच्या संत्र्याच्या बागेचा फोटो पडद्यावर आला तेव्हा झाडाला पानं आहेत की नुसता हिरवा रंग, हे कोणालाच कळलं नाही, ते कशामुळे? तो फोटो मी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता कारण समितीनेच ग्रुपवर टाका म्हणून सांगितलं होतं. या वेळी तरी ईमेल किंवा ड्राइव्हवर मागवा. आणि हा व्हिडिओ नंतर गावातली माणसं फोनवर, टीव्हीवर बघणार आहेत, नुसता आपल्या हॉलसाठी नाही. माझ्या आत्याने दंडारीचे (आपल्या लोकनाट्याचे) जुने फोटो पेटीतून काढून दिले आहेत, ते खराब दिसले तर मला तिला तोंड दाखवता येणार नाही.

वडसावाले काका:

साकोलीवाले भाऊ, बिटरेट नंतर पहा. तुम्ही म्हणता झूम केल्यावरच पुसट होते, म्हणजे एक्स्पोर्टच्या आधीच फोटो लहान झालेला आहे. टाइमलाइनवर फोटोवर राइट क्लिक करा, स्केल टू फ्रेम साइझ वर टिक आहे का ते बघा. असेल तर तिथेच घोळ आहे.
ते चालू असलं की प्रीमियर तुमचा ६००० बाय ४००० चा फोटो आधी फ्रेमच्या मापात बसवते, म्हणजे उंची १०८० आणि रुंदी १६२०, आणि पुढे त्याच लहान फोटोवर काम करते. स्केलचा आकडा मात्र १०० दाखवते, म्हणून माणसाला वाटते की फोटो पूर्ण आहे. तुम्ही १०० चा १८० केला की ते १६२० वालंच ताणून मोठं करते, मूळ पिक्सेल त्याच्या हातात राहतच नाहीत.
टिक काढा आणि त्याऐवजी सेट टू फ्रेम साइझ निवडा. दिसायला दोन्ही सारखे, फोटो फ्रेममध्येच बसेल, पण आता स्केलचा आकडा २७ दिसेल, कारण ४००० चे १०८० करायले २७ टक्केच लागतात. आता २७ वरून ५० वर न्या नाहीतर ८० वर न्या, १०० च्या आत आहात तोवर मूळ फोटोतलेच पिक्सेल वापरले जातील. नंतर झूमच्या सगळ्या कीफ्रेम (झूम कुठून कुठवर ते सांगणाऱ्या खुणा) पुन्हा द्याव्या लागतील, जुने आकडे कामाचे नाहीत. प्रेफरन्सेसमध्ये मीडियाखाली डिफॉल्ट मीडिया स्केलिंग आहे, ते आजच बदलून ठेवा, पण ते पुढे आणलेल्या फोटोंनाच लागते, जे टाइमलाइनवर आहेत ते हातानेच बदला. सगळे सिलेक्ट करून एकदाच होते.
आणि ताई, दंडारीचे फोटो स्कॅन करताना ६०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके, ठेवायला सांगा. चार बाय सहाच्या प्रिंटचे ३०० ला १८०० बाय १२०० होतात, म्हणजे १०८० च्या वर जेमतेम, झूमला जागाच नाही. ६०० ला ३६०० बाय २४०० मिळते.

आर्णीचे भाऊ:

काका, डीपीआयचा व्हिडिओशी काही संबंध नाही. ७२ लिहिलं काय आणि ३०० लिहिलं काय, व्हिडिओला पिक्सेल कळतात. हे मी मागेही इथेच लिहिलं होतं. उगाच लोक फोटोशॉपमध्ये जाऊन ७२ चं ३०० करतील आणि म्हणतील झालं.

वडसावाले काका:

बरोबर आहे, फाइलमध्ये लिहिलेल्या डीपीआयचा संबंध नाही. मी स्कॅनरचं म्हणून राहिलो. कागदावरून किती पिक्सेल उचलायचे ते स्कॅन करतानाच ठरते, नंतर आकडा बदलून काही वाढत नाही. दोघांचंही म्हणणं एकच आहे. एक अजून, खरखरीत कागदाची प्रिंट असेल तर स्कॅनमध्ये ठिपक्यांची जाळी येते, ती दिवसाच्या उजेडात, सावलीत सपाट ठेवून कॅमेऱ्याने काढलेली बरी.

हॉल आणि साऊंडवाले:

म्हणजे फाइल १०८० च राहणार ना? तेवढं कोणीतरी हो म्हणा.

मोर्शीची ताई:

काका, खूप मदत झाली. आत्याच्या शेजारच्या मुलाला सांगते, तालुक्याला स्कॅनरवाला आहे. एक वेगळं विचारते, शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतीचे, फोटो घेणार आहात का? मागच्या वेळी एकाने वाद घातला होता की बंदी आहे, दाखवू नका. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये बंदी घातली होती हे खरं, पण मे २०२३ मध्ये त्याच कोर्टाने शर्यतींना परवानगी देणारा महाराष्ट्राचा कायदा मान्य केला. आमच्याकडे नाही पण तुमच्या पूर्वेकडे पट भरला की रात्री नाटक ठरलेलंच, मग पट वगळून नाटकाची गोष्ट सांगणार कशी? आणि खडीगंमतीला, तीही आपली लोककलाच, निदान दोन फोटो तरी द्या, दर वेळी नुसतं नाटक नाटक होतं.

साकोलीवाला:

काका, तेच निघालं. सगळ्या फोटोंवर टिक होती. सेट टू फ्रेम साइझ केलं, स्केल २७ आला, वडश्याच्या त्या स्टेजचा फोटो २७ वरून ७० पर्यंत नेला आणि मागच्या पडद्यावर रंगवलेल्या वाड्याच्या खिडकीचे गजही मोजता येतात. रात्री झोपायच्या टायमाले लाइन आली तेव्हा हे पाहून घेतलं, आई म्हणे आता तरी झोप.
दोन गोष्टी राहिल्या. एक, झूम हळू केला की लुगड्याचे काठ आणि मंडपाच्या ताट्या लकलक करतात. दोन, नाटकाच्या पॅम्फ्लेटवरची पिवळ्यावर लाल अक्षरं एक्स्पोर्टनंतर कडेला पसरतात, टाइमलाइनवर तसं दिसत नाही. पट घेतो ताई, खडीगंमतही घेतो. आणि झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, त्याची एक पाटी पहिल्याच मिनिटाले टाकून राहिलो, त्यावर कोणाची हरकत चालणार नाही.

वडसावाले काका:

पाटी टाकाच. आमच्या वडश्यात दिवाळीनंतर रोज कुठे ना कुठे पडदा उघडते आणि मुंबईपुण्याच्या लोकाइले त्याचं नावही माहीत नसते, निदान आपल्या हॉलमधल्या पोरांना कळू द्या.
लकलक होते कारण बारीक रेघा १०८० च्या मापात मावत नाहीत, फोटो सरकला की कधी या पिक्सेलवर तर कधी त्या पिक्सेलवर पडतात. त्या फोटोंवर अगदी थोडा गॉशियन ब्लर (पुसट करणारा इफेक्ट) द्या, डोळ्याला कळणार नाही इतका. एक्स्पोर्टमध्ये युझ मॅक्झिमम रेंडर क्वालिटीवर टिक करा, मोठा फोटो लहान करताना त्याचा उपयोग होते, वेळ जास्त लागेल. युझ प्रिव्ह्यूजची टिक काढून ठेवा.
लाल अक्षरांचं कारण वेगळं आहे. आपण नेहमी करतो त्या एच.२६४ मध्ये उजेड पूर्ण मापात साठवला जातो पण रंग अर्ध्या रुंदीत आणि अर्ध्या उंचीत. लाल-पिवळ्याची कड तिथे पसरणारच, बिटरेट कितीही वाढवा. पॅम्फ्लेट पूर्ण दाखवू नका, अक्षरं मोठी दिसतील असा तुकडा घ्या. गावासाठी यूट्यूबवर टाकाल ती फाइल मात्र फोर-केमध्ये वेगळी काढा, मूळ फोटो तेवढे मोठे आहेतच, त्यात अक्षरंही चांगली येतील. हॉलची १०८० च राहील, साऊंडवाल्या भाऊंनी निश्चिंत राहावं.

हॉल आणि साऊंडवाले:

ठीक. १०८० ची फाइल शुक्रवारी रात्रीपर्यंत. आवाजाची पातळी मीच लावीन.

साकोलीवाला:

चालते. आता फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो अडले आहेत. ते १६०० पिक्सेलच्या आसपासच आहेत, त्यांना झूम न देता तसेच ठेवून राहिलो. ज्यांनी ज्यांनी पाठवले त्यांनी तोच फोटो पुन्हा, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवा, एचडीचं बटण दाबूनही नाही, डॉक्युमेंटच, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी येते. ताई, बाबांच्या बागेचा मूळ फोटो तुमच्या जुन्या फोनमध्ये असेल तर तोही पाठवा, संत्र्याच्या बहाराच्या भागात जागा ठेवली आहे. उद्या दुपारी चार वाजेपर्यंत आले तर लाइन जायच्या आत लावतो.