मदत हवी आहे: ‘सामना फिरला’ या भासातून भावाला बाहेर कसे काढावे?

नमस्कार. मी ऐरोलीत राहतो. माझा धाकटा भाऊ चालू सामन्यावर पैसे लावतो. दोन षटकार बसले की ‘लय आपल्या बाजूने आहे’ म्हणत तो मोबाइलवरचे आकडे भराभर दाबतो, आणि बळी पडला की तेच पैसे भरून काढण्यासाठी रक्कम दुप्पट करतो. मागच्या महिन्यात घराचा हप्ता त्यातच गेला.

29 जून 2024 चा बार्बाडोसमधला टी-20 विश्वचषकाचा भारत-दक्षिण आफ्रिका अंतिम सामना मी त्याला दाखवून पाहिला. अक्षर पटेलच्या 15 व्या षटकात 24 धावा निघाल्या, दक्षिण आफ्रिकेला 30 चेंडूंत 30 धावा हव्या होत्या आणि सहा गडी हाताशी होते. तरीही 17 व्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर त्यांचा फलंदाज क्लासेन बाद झाला आणि भारत 7 धावांनी जिंकला. त्यावर त्याचे उत्तर: “बघ, लय असतेच!” (वाद घालण्यात तो आमच्या वडिलांवर गेला आहे.)

मला वाटते, सामना संपल्यावर दिसणारी लय पुढच्या चेंडूचे भाकीत करत नाही. शिवाय षटकार बसताच पैजेचा भावही (जिंकल्यास किती पैसे मिळतील तो दर) बदलतो, म्हणजे त्या लयीची किंमत आधीच वसूल झालेली असते. हे चेंडूगणिक आकडेवारीवरून पडताळण्याची सोपी पद्धत कोणी सांगू शकेल का? तसेच ठाणे किंवा नवी मुंबईत जुगाराच्या सवयीवर काम करणारे समुपदेशक माहीत असल्यास कृपया कळवावे.