पाणी साचणे म्हणजे गॅस संपणे नव्हे

फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्याखाली रोज पाणी साचते आणि दुरुस्ती करणाऱ्याने गॅस भरावा लागेल असे सांगितले, असे आपण लिहिले आहे. परंतु फ्रीजर पूर्वीइतकाच गोठवत असेल, तर हे निदान मला पटत नाही. फ्रिजमधला गॅस बंद नळ्यांतून फिरतो, तो वापराने संपत नाही, आणि गळतीने कमी झालाच तर आधी थंडावा कमी होतो.

फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये फ्रीजरच्या मागील पडद्याआड नळ्यांवर धरलेला बर्फ हीटर ठरावीक काळाने वितळवतो, आणि ते पाणी एका बारीक नळीतून मागच्या तबकात उतरून कॉम्प्रेसरच्या उष्णतेने उडून जाते. ही नळी घाणीने किंवा बर्फाने तुंबली की पाणी वाट चुकून खालच्या कप्प्यात येते. त्यामुळे आधी फ्रिज रिकामा करून, प्लग काढून, दार रात्रभर उघडे ठेवावे आणि निचऱ्याचे छिद्र दिसत असल्यास त्यात थोडे कोमट पाणी सोडावे. चार-पाच दिवसांत पाणी पुन्हा आले, तर हीटर तपासून घ्यावा.

कळकळीची विनंती एवढीच, की बर्फ काढण्यासाठी सुरी किंवा उलथने कधीही वापरू नये, कारण हल्लीच्या बहुतेक फ्रिजमधला आर-६००ए गॅस ज्वलनशील असतो आणि गॅसच्या नळीला छिद्र पडले की दुरुस्तीही महाग पडते.

पावसाळ्यात दाराचे रबरही पाहावे. दारात धरलेली नोट सहज ओढून निघाली, तर दमट हवा आत शिरते आहे असे समजावे.