अर्पणाच्या थैलीतले पैसे कमी होत आहेत: मोजणी कशी बसवावी, आणि चोर सापडला तर काय करावे?

पंचकमिटी_सचिव

जय ख्रिस्त. आमची मंडळी तालुक्याच्या गावातली, साधारण दीडशे कुटुंबांची. रविवारी उपासनेत मखमली थैल्या फिरतात, वेदीपाशी अर्पणाची प्रार्थना होते, आशीर्वचनानंतर थैल्या वेस्ट्रीत (चर्चमधल्या कामकाजाच्या खोलीत) जातात आणि खजिनदार मोजतात. सोबत बहुधा त्यांच्याच घरातले कोणी असते. भरणा सोमवारी व्हायला हवा, पण कधी बुधवार उजाडतो. उपस्थिती घटलेली नाही, मासिक वर्गणीची पाकिटेही पूर्वीइतकीच येतात, तरी सुट्या अर्पणाचा आकडा वर्षभर उतरत चालला आहे. दारातल्या दानपेटीचा कडीकोयंडाही वाकलेला दिसला. कोणाकडे बोट दाखवावे असा पुरावा नाही आणि पाळकसाहेबांना मंडळीत फूट पडायला नको आहे. मोजणीची पद्धत, चोरी ओळखण्याची रीत आणि पुढची कारवाई, तिन्हींबद्दल जाणकारांनी नेमके सांगावे.

हिशेबतपासनीस

सचिवसाहेब, कोण घेतोय याचा शोध पहिल्याच दिवशी सुरू करू नका. थैली पहिल्या बाकापासून बँकेच्या खिडकीपर्यंत कोणकोणत्या हातांतून जाते ते कागदावर मांडा आणि जिथे एकटाच माणूस आहे तिथे खूण करा. तुमच्याच मजकुरात अशा चार जागा दिसतात: वेदी ते वेस्ट्री, वेस्ट्रीतली मोजणी (घरातले दोघे म्हणजे हिशेबाला एकच माणूस), रविवारची रात्र, आणि बँकेचा रस्ता. या चारही ठिकाणी नात्यात नसलेली दोन माणसे उभी केली की चोरीला जागाच उरत नाही. कोणाला हे अविश्वासाचे वाटले तर बायबलमधला २ राजे, अध्याय १२ वाचून दाखवा. यहोयादा याजकाने झाकणाला भोक पाडून पेटी ठेवली, पण पैसे मोजून थैल्यांत बांधायला राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक असे दोघे येत.

मोजणी त्याच दिवशी, उपासना संपताच, दार उघडे ठेवून. सहा-आठ जणांची यादी करा आणि पाळीपाळीने तिघे बसवा: दोघे मोजणारे, एक लिहिणारा. खजिनदाराने मोजायचे नाही. त्याने पत्रक घ्यायचे, भरणा करायचा आणि वहीत नोंदवायचे. मोजणारा आणि वही लिहिणारा एकच असला की चूक आणि चोरी यांत फरक करता येत नाही, आणि यात प्रामाणिक खजिनदाराचेच सर्वांत जास्त नुकसान होते.

टेबल मोकळे हवे. पिशव्या, पर्स, शाली बाजूच्या खुर्चीवर. थैली टेबलावर पूर्ण उलटी करायची आणि अस्तर बाहेर काढून दाखवायचे, कारण जुन्या मखमली थैल्यांचे अस्तर तळाशी उसवते आणि घडी घातलेली नोट आत सरकून राहते. आधी पाकिटे वेगळी, मग नोटा मूल्याप्रमाणे, मग नाणी. एकाने मोजलेली गड्डी दुसऱ्याने न विचारता पुन्हा मोजायची, आणि दोन्ही आकडे जुळले तरच पत्रकात लिहायचे. पत्रक छापील क्रमांकाच्या कार्बन पुस्तकात असावे: नोटेचे मूल्य, संख्या, रक्कम, नाणी, चेक, पाकिटांची एकूण रक्कम, परकीय नोटा. पेन वापरा, खाडाखोड झाली तर तिघांची आद्याक्षरे. एक प्रत पैशांबरोबर, एक सचिवाकडे, एक पुस्तकातच.

याहून महत्त्वाचे म्हणजे टेबलावरून एक रुपयाही खर्चाला जाता कामा नये. फुलांचे पैसे, पाहुण्या उपदेशकाचा प्रवासखर्च, मांडववाल्याची उरलेली बाकी हे सगळे 'आत्ता यातूनच देऊ' म्हणून दिले जाते आणि गळती तिथूनच सुरू होते. आलेली रक्कम जशीच्या तशी बँकेत भरा. किरकोळ खर्चाला वेगळी रोकड ठेवा, तिची व्हाउचर वेगळी. मोजणीत कोणालाही सुट्टे करून देऊ नका. पाचशेची नोट घेऊन शंभराच्या पाच देताना चार दिल्या, तर ते कधीच सापडत नाही.

रविवारी बँक बंद, म्हणून पैसा कोणाच्या घरी जाऊ देऊ नका. क्रमांक छापलेली सीलची पिशवी घ्या (कुरिअरवाले वापरतात तशी, एकदा उघडली की फाटते), तिचा क्रमांक पत्रकावर लिहा आणि पिशवी वेस्ट्रीतल्या भिंतीत बसवलेल्या तिजोरीत ठेवा. दोन किल्ल्या, दोघांकडे. गावात पैसे भरायचे मशीन असेल तर मोठ्या नोटा रविवारीच जातील. बहुतेक मशीन एका वेळी २०० च्या आसपास नोटा घेतात, दहा-वीसच्या नोटा आणि नाणी घेत नाहीत. नाणी बँकेला नाकारता येत नाहीत. एक आणि दोन रुपयांची शंभर-शंभरची पाकिटे करून नेली तर खिडकीवर वाद होत नाही. भरणा पुढच्या कामाच्या दिवशी झालाच पाहिजे. स्लिपवरची रक्कम आणि पत्रकावरची रक्कम तंतोतंत तीच हवी, आणि हे दर महिन्याला खजिनदार नसलेल्या माणसाने बँकेच्या खातेउताऱ्यावर टिकमार्क करत तपासावे.

आता चोरी ओळखणे. एकूण रकमेकडे पाहून काही कळत नाही, पाऊस-लग्नसराईने ती हलतेच. मूल्यवार पाहा. चोर दहाची नोट घेत नाही, तो पाचशे आणि दोनशे उचलतो. तुमच्या जुन्या भरणा स्लिपांच्या मागे नोटांची फोड लिहिलेली असते. दोन वर्षांच्या स्लिपा काढून दर रविवारी पाचशेच्या किती, शंभराच्या किती, दहा-वीसच्या किती हे एका कागदावर उतरवा. लहान नोटा तेवढ्याच आणि पाचशेच्या निम्म्या झाल्या असतील तर लोकांचे दान घटलेले नाही, मधे कोणीतरी निवडून काढतो आहे. सगळ्याच नोटा सारख्या प्रमाणात उतरल्या असतील तर कारण बहुधा वेगळे: लोक मोबाइलवरून देऊ लागले, किंवा नोकरीवाले बाहेरगावी गेले. शेजारच्या रकान्यात त्या दिवशी मोजायला कोण होते ते लिहा. प्रभुभोजनाचा रविवार, नाताळ, ईस्टर वेगळे काढा, नाहीतर सरासरी फसवते.

याने संशय पक्का झाला तर: मंडळीतल्या दोन वडिलांनी (एल्डरांनी) पाचशेच्या चार-पाच नोटांचे क्रमांक लिहून, सही करून बंद लिफाफ्यात पाळकांकडे द्यायचे आणि त्या नोटा नेहमीसारख्या थैलीत टाकायच्या. मोजणी होऊन पत्रक सही झाले की कमिटीने तिथेच फेरमोजणी मागायची आणि नोटांचे क्रमांक पाहायचे. एकदा नोट नसली तर निष्कर्ष काढू नका. थैल्या अनेक असतात, एखादी नोट अस्तरात असू शकते. पुन्हा करा.

वसईकर_पॅरिशनर

पेटीबद्दल मी लिहितो, कारण आमच्याकडे चर्चच्या दारात, ग्रोटोपाशी (मूर्तीसाठी केलेल्या गुहेपाशी), रस्त्यावरच्या क्रूसापाशी अशा पेट्या सगळीकडे आहेत.

लाकडी पेटी आणि बाहेरून कडीकोयंडा हे आता चालत नाही. पहारीच्या एका हिसक्यात कडी येते. किमान ३ मिमी जाड पत्र्याची पेटी करून घ्या, बिजागरी आतल्या बाजूला, पाठीमागून आतूनच चार अँकर बोल्टने भिंतीत. विटांच्या जुन्या चुन्याच्या भिंतीत अँकर धरत नाही, तिथे आरपार बोल्ट आणि मागे पट्टी. कुलूप बाहेर लोंबणारे नको, दारात बसवलेले हवे. दोन वेगळी कुलपे, किल्ल्या दोघांकडे.

फट मोठी ठेवतात हे दुसरे. नव्या नोटांची रुंदी ६३ ते ६६ मिमी असते, तेव्हा ७५ मिमी लांब आणि ६ मिमी रुंद फट पुरते. घडी घातलेली नोट आणि दहाचे नाणेही जाते. त्याहून रुंद फटीतून डिंक किंवा दुहेरी चिकटपट्टी लावलेली पट्टी आत सोडून नोटा ओढून काढतात. यावर उपाय म्हणून फटीच्या खाली आतून पत्र्याची उतरती पट्टी वेल्ड करून घ्या, समोरच्या भिंतीपासून दोन-तीन बोटे मोकळी. नोट घसरून खाली पडते, पण वरून घातलेली पट्टी वळत नाही. फटीच्या कडांना डिंकाचा चिकटा, ओरखडे, अर्धवट फाटलेल्या नोटा दिसल्या तर कोणीतरी 'मासेमारी' करतो आहे असे समजा.

पेटी रोज रिकामी करा आणि 'ही पेटी दररोज रिकामी केली जाते' असे तिच्यावर लिहून ठेवा. महिनाभर भरत ठेवलेली पेटीच फोडतात. कॅमेरा लावाल तर दाराकडे लावलेला पुरत नाही, पेटीचे तोंड आणि हात दिसतील असा हवा, आणि मोजणीच्या टेबलावर वरून एक. डीव्हीआरवरचे (चित्रण साठवणाऱ्या यंत्रावरचे) जुने चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते. घटना कळताच त्याच दिवशी काढून ठेवा.

आम्हा कॅथलिकांकडे कॅनन (चर्चच्या कायद्याचे कलम) ५३७ नुसार प्रत्येक पॅरिशमध्ये (स्थानिक धर्मग्रामात) वित्त समिती असलीच पाहिजे, आणि कॅनन १२८७ प्रमाणे भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यायचा असतो. तुमची मंडळी वेगळी असली तरी हे जरूर उचला: दर रविवारी मागच्या रविवारचा आकडा सूचनाफलकावर. आणि पाकिटांना क्रमांक द्या. ज्याने ४७ क्रमांकाच्या पाकिटात पाचशे टाकले त्याला तिमाही यादीत ४७ समोर दोनशे दिसले तर तो स्वतःच विचारायला येतो. रिकामी पाकिटे लेखापरीक्षण होईपर्यंत फेकू नका.

पंचकमिटी_सचिव

फार उपयोगी. पण कोणी सापडलाच तर? कमिटीतले काहीजण म्हणतात, बायबलमधल्या मत्तय १८ प्रमाणे आधी एकांतात बोलावे, पैसे परत घ्यावेत आणि विषय मिटवावा.

धर्मादाय_वकील

मत्तय १८ चा आधार मी आदरानेच घेतो, पण तो भावाने भावाचा अपराध केला तर काय करावे याबद्दल आहे. हा पैसा कमिटीचा नाही, न्यासाचा आहे. तो माफ करायचा अधिकार दोघा-चौघा वडिलांना नाही. माणसाला क्षमा जरूर करा. रकमेचा हिशेब मात्र नोंदवहीत आलाच पाहिजे.

क्रम असा ठेवा. संशय येताच स्लिपा, पत्रके, वह्या, पाकिटे ताब्यात घेऊन पंचनाम्यासारखी यादी करा. त्या व्यक्तीला चौकशीपुरते मोजणी, किल्ल्या आणि बँकेच्या सह्यांपासून दूर ठेवा. ठरावात 'चौकशी पूर्ण होईपर्यंत' असे लिहा, 'चोरी केल्यामुळे' असे लिहू नका. वेदीवरून किंवा व्हॉट्सॲप गटात नाव घेतले तर अब्रुनुकसानीचा दावा तुमच्यावरच येईल. मग दोघांनी मिळून त्यांचे म्हणणे ऐकावे, लेखी घ्यावे. कोंडून ठेवणे, मोबाइल हिसकावणे, धमकावून कबुली लिहून घेणे हे गुन्हे आहेत, आणि अशी कबुली कामालाही येत नाही.

कलमे भारतीय न्याय संहितेतली (१ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना). पेटी फोडणाऱ्या बाहेरच्या माणसावर चोरी, कलम ३०३. इमारतीत ठेवलेल्या मालाची चोरी असेल तर ३०५, सात वर्षांपर्यंत. विश्वासाने सोपवलेला पैसा स्वतःसाठी वापरणाऱ्यावर ३१६, पाच वर्षांपर्यंत. पगारी कारकून किंवा नोकर असेल तर सात. ३०३ मध्ये रक्कम पाच हजारांच्या आत, पहिलाच गुन्हा आणि मुद्देमाल परत, असे असेल तर शिक्षा समाजसेवेची आहे. एखाद्या पोराने पेटीतून दोनशे काढले तर त्याचे आयुष्य उद्ध्वस्त होईल, ही भीती म्हणून बाळगू नका.

तक्रार कोणी द्यायची हे आधी पाहा. मंडळी स्वतंत्र नोंदणीकृत न्यास असेल तर विश्वस्तांनी ठराव करून एकाला अधिकार द्यावा. धर्मप्रांताच्या न्यासाखाली असेल तर बिशप कार्यालयाकडून अधिकारपत्र आणा. नाहीतर 'तुम्ही कोण?' इथेच अर्ज अडतो. ठाण्यात गुन्हा नोंदवला नाही तर तीच तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना, तरीही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे. कॅमेऱ्याचे चित्रण देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते.

आणि लेखापरीक्षकापासून लपवू नका. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३४ खाली विश्वासघाताने झालेले नुकसान अहवालात दाखवणे त्याचे काम आहे. माहीत असून गप्प बसलेल्या विश्वस्तांकडून ते नुकसान भरून घेण्याचा आदेश धर्मादाय आयुक्त देऊ शकतात.

वसईकर_पॅरिशनर

एक भर. कॅथलिक वाचकांसाठी: चोराने पापनिवेदनात (कन्फेशनमध्ये, जे धर्मगुरूला गुप्तच ठेवावे लागते) सांगितले असेल तर धर्मगुरू त्यावरून किल्लीसुद्धा बदलू शकत नाही. म्हणून फादरांना 'तुम्हाला माहीत असेलच' असे विचारू नका. पद्धत इतकी घट्ट ठेवा की त्यांच्यावर काही अवलंबून राहणार नाही.

क्यूआर_तपासा

थैलीइतकेच लक्ष क्यूआरकडे द्या. खाते न्यासाच्याच नावाचे हवे. खजिनदाराच्या स्वतःच्या नंबरवर घेतलेले दान कोणालाही तपासता येत नाही. छापील क्यूआरवर दुसऱ्याचा स्टिकर चिकटवला जातो, म्हणून तो काचेच्या आत ठेवा, खाली मंडळीचे पूर्ण नाव लिहा आणि दर रविवारी उपासनेआधी एकाने एक रुपया पाठवून कोणाचे नाव येते ते पाहावे. परदेशी नागरिकत्व घेतलेले नातेवाईक नाताळला डॉलर-पौंड टाकतात. एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी नसेल तर ते दान घेता येत नाही. नोट पत्रकात नोंदवा आणि परत करा. 'हिशेबात बसत नाही' म्हणून अशाच नोटा आधी खिशात जातात.

पंचकमिटी_सचिव

शेवटचा प्रश्न. हंगामाच्या सणाला धान्य, कोंबड्या, भाज्यांचा लिलाव होतो, तिथे काय करावे?

हिशेबतपासनीस

तिथे खरी गळती उधारीत असते. बोली हजाराची होते, 'नंतर देतो' म्हणतात आणि तीन महिन्यांनी कोणाला आठवत नाही, किंवा दिलेले पैसे वहीपर्यंत पोचत नाहीत. लिलाव पुकारणारा, लिहिणारा आणि पैसे घेणारा असे तीन वेगळे लोक ठेवा. प्रत्येक वस्तूला चिठ्ठीचा क्रमांक: वस्तू, शेवटची बोली, घेणाऱ्याचे नाव, रोख की उधार. वस्तू चिठ्ठीशिवाय हातात द्यायची नाही, पैसे पावतीशिवाय घ्यायचे नाहीत. संध्याकाळी चिठ्ठ्यांची बेरीज म्हणजे रोख, मोबाइलवरचे आणि उधार यांची बेरीज झाली पाहिजे. उधारीची यादी पुढच्या रविवारी फलकावर लावा, नावाऐवजी चिठ्ठी क्रमांकाने, आणि वसुली पाकिटांसारखीच मोजणीच्या टेबलावर येऊ द्या. एकच कोंबडी लोक पुन्हा पुन्हा परत देऊन लिलावात लावतात, तिला प्रत्येक वेळी नवा क्रमांक द्या.