ठाण्यात पंजा शेवटचा कधी बघितलात? काँग्रेसवाले भांडतात म्हणून हरतात की हरतात म्हणून भांडतात?

पोखरण_रोड_२:
मंडळी जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. आमचे बाबा जुने काँग्रेसवाले. म्हणजे पदबिद काही नाही, सभेला जायचे आणि मत द्यायचे एवढंच. २०२४ च्या विधानसभेला, २० नोव्हेंबरला, त्यांना रिक्षात घालून शाळेत नेलं, गुडघ्यांचा त्रास आहे, आत गेले आणि बाहेर येऊन मलाच ओरडले, अरे पंजाच नाही मशीनवर! म्हटलं बाबा, आपली जागा मशालीला गेली, लोकसभेला पण मशालच होती की. तर म्हणे लोकसभेला म्हटलं एकदा ठीक आहे, दर वेळी काय?

घरी आल्यावर मी सहज बघितलं. ठाणे शहर मशाल, कोपरी-पाचपाखाडी मशाल, ओवळा-माजिवडा मशाल, कळवा-मुंब्रा तुतारी, खाडी ओलांडली की ऐरोली मशाल, बेलापूर तुतारी. सहाच्या सहा ठिकाणी पंजा गायब. आणि ठाणे लोकसभेत काँग्रेसचा माणूस शेवटचा निवडून आला १९८४ ला, शांताराम घोलप, तेव्हा माझा जन्म पण नव्हता.

राज्यातले आकडे तर तुम्हाला माहीतच आहेत. २०१९ च्या लोकसभेला १ खासदार, २०२४ ला १७ जागा लढवून १३, आणि सहा महिन्यांत विधानसभेला शंभरेक जागा लढवून १६. तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष नाना पटोले साकोलीत २०८ मतांनी कसेबसे, बाळासाहेब थोरात संगमनेरला पडले, पृथ्वीराज चव्हाण कराड दक्षिणला पडले. मुख्यमंत्री कोण होणार यावर आधी वाद घालत होते आणि नंतर विरोधी पक्षनेतेपदापुरते पण आमदार नाहीत.

तर प्रश्न असा की हे सगळं गटबाजीने झालं का? का पक्ष संपत आला म्हणून उरलेल्यांत गटबाजी चाललीय? आता जानेवारी २०२६ ची पालिका निवडणूक येतेय, ठाण्यात २०१७ ला १३१ पैकी ३ नगरसेवक होते, ३! आणि तरी स्वबळ की आघाडी यावर चर्चा चालू. जाणकारांनी सांगा. कृपया भक्त-चमचा सुरू करू नका.

कळवा_फाटक:
भांडतात म्हणून हरतात. नाही नाही, हरतात म्हणून भांडतात. थांबा, दिल्लीला विचारून सांगतो. निरीक्षक येतायत.

नेरूळचा_सांगलीकर:
मी नेरूळला १५ वर्षं आहे पण मत अजून गावाकडंच, त्यामुळं हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. सांगलीची गोष्ट सांगतो म्हणजे गटबाजी काय चीज आहे ते कळंल.

लोकसभेला सांगली आघाडीत उद्धव ठाकरेंच्या सेनेनं घेतली, पैलवान चंद्रहार पाटील उमेदवार. आता सांगली म्हणजे वसंतदादांची सांगली, तिथं काँग्रेसचा उमेदवार नाही हे लोकांना पटंना. दादांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहिले, चिन्ह लिफाफा, आणि अख्खी जिल्हा काँग्रेस आतून बाहेरून त्यांच्या मागं. लाखभर मतांनी निवडून आले, आघाडीचा अधिकृत उमेदवार तिसरा. आम्ही गुलाल उधळला, दिल्लीनं पण लगेच खासदार आपलाच म्हणून फोटो काढला. कारवाई बिरवाई काही नाही. तेव्हापासून सांगली पॅटर्न हा शब्द आला.

आता पुढचं ऐका. सहा महिन्यांनी विधानसभा. सांगली शहरात काँग्रेसचे अधिकृत पृथ्वीराज पाटील, आणि बंडखोर कोण, तर दादा घराण्यातल्याच जयश्रीताई पाटील, अपक्ष. खासदारांचा पाठिंबा त्यांना, लपूनछपून नाही, उघड. मतं फुटली, भाजपचे सुधीर गाडगीळ पुन्हा आमदार. पुढं जयश्रीताई भाजपमध्ये गेल्या, मग पृथ्वीराज पाटील पण गेले! जे दोघं एकमेकांशी भांडत होते ते दोघं पण आता समोरच्या तंबूत, आणि आम्ही मतदार इकडं लिफाफा घेऊन बसलोय.

सांगायचं काय, बंडखोरी केली आणि जिंकलं की ती निष्ठा, हरलं की गद्दारी, असा हिशोब पक्षानं स्वतःच लावून दिला की पुढच्याला कोण अडवणार? लोकसभेला मी पण नाचलो होतो, खोटं कशाला बोलू.

सेक्टर_१७_वाशी:
सांगलीकर दादा लिहिलंत भारी, पण निष्कर्ष पटला नाही. गटबाजीने हरतात म्हणता, मग आमच्या नवी मुंबईत बघा. गणेश नाईक भाजपकडून ऐरोलीत, पोरगा संदीप नाईक तुतारीवर बेलापूरला उभा, तोही भाजपच्याच मंदाताई म्हात्रेंच्या विरोधात. ऐरोलीत शिंदे गटाचे विजय चौगुले अपक्ष, बेलापूरला विजय नाहटा अपक्ष. याला काय म्हणायचं, शिस्त? आणि रिझल्ट काय, मंदाताई ३७७ मतांनी का होईना पण आल्या, नाईक साहेब आले आणि मंत्री पण झाले. म्हणजे महायुतीत भांडणं कमी नाहीत, उलट जास्त. तरी जिंकतात.

कारण सिंपल आहे. लाडकी बहीणचे महिन्याला १५०० रुपये बाईच्या खात्यात पडले, तुमचा थोरात गट काय आणि पटोले गट काय, तिला काय घेणं देणं? त्यात मतदार याद्यांचा घोळ, त्यावर राहुल गांधी बोंबलून राहिलेत ते वेगळंच. गटबाजी हे पेपरवाल्यांचं आवडतं कारण आहे, बातमी पटकन बनते.

घोडबंदर_ट्रॅफिक_पीडित:
@सेक्टर_१७ थोडं बरोबर पण हरियाणा विसरलात. ८ ऑक्टोबर २०२४ चा निकाल. भाजप ४८, काँग्रेस ३७, आणि मतांच्या टक्केवारीत फरक एक टक्क्याच्या आत. तिथे बहुतेक तिकिटं माजी मुख्यमंत्री हुड्डांच्या माणसांना, त्यांच्या विरोधी गटातल्या कुमारी सैलजा ऐन प्रचारात रुसून घरी. जिथे एक टक्क्याने सरकार जातं तिथे गटबाजीनेच जातं, १५०० वगैरे नंतर. आणि त्याहून मोठं म्हणजे हरियाणात दहा वर्षांच्या वर पक्षाला जिल्हाध्यक्षच नव्हते, का, तर कुठल्या गटाचा नेमायचा यावर एकमत होईना म्हणून रिकामंच ठेवलं. हे मला जास्त भयानक वाटतं. भांडण करून निदान कुणीतरी जिंकतं, इथे कुणीच जिंकू नये म्हणून खुर्चीच उचलून ठेवली.

पंजाब पण तसंच. निवडणुकीच्या पाच महिने आधी मुख्यमंत्री कॅप्टन अमरिंदर सिंगना काढलं, सिद्धू-चन्नी वाद, २०२२ ला ११७ पैकी १८. चन्नी दोन्ही जागांवर पडले, सिद्धू पण पडले.

(हे सगळं मानपाड्याच्या सिग्नलला बसून टाईप केलंय, सिग्नल अजून लागलेलाच आहे)

नौपाड्याचे_आजोबा:
पोखरण रोडवाल्या बाळा, तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग. मी त्यांच्याहून थोडा थोरलाच असेन. गटबाजी काल परवा आली असं समजू नका. १९७८ ला महाराष्ट्रात दोन काँग्रेस एकमेकांविरुद्ध लढल्या, रेड्डी काँग्रेस ६९, इंदिरा काँग्रेस ६२, आणि जनता पक्ष ९९ घेऊन पहिला. मग याच दोघी एकत्र आल्या, वसंतदादा मुख्यमंत्री, तिरपुडे उपमुख्यमंत्री, आणि चार महिन्यांत शरद पवार बाहेर पडून पुलोद, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं सरकार. एवढं होऊन १९८० ला इंदिरा काँग्रेस १८६! म्हणजे भांडूनही पक्ष उभा राहत होता. १९९५ ला तर एवढे बंडखोर झाले की ४५ अपक्ष निवडून आले, त्यातले पुष्कळ आपलेच, आणि सरकार युतीचं आलं.

मग तेव्हा आणि आता फरक काय. तेव्हा हरलेल्या गटाकडेही काहीतरी असायचं. कारखाना, जिल्हा बँक, पंचायत समिती, बाजार समिती. तो तिथे बसून पाच वर्षं काढायचा, पक्ष सोडायची गरज नव्हती. आमच्या ठाण्यात हे कधीच नव्हतं. इथे ना ऊस ना कारखाना. १९६७ ला नगरपालिकेत ४० पैकी १७ जागा घेऊन शिवसेना आली तेव्हापासून शाखा जे काम करायची, नळाची तक्रार, शाळेचा दाखला, दवाखान्यात ओळख, ते आमच्या लोकांनी कधी केलंच नाही. आमचे लोक खादी घालून मंत्रालयात जायचे. आणि १९९९ ला राष्ट्रवादी निघाली तेव्हा इथली कामाची माणसं तिकडे गेली, मग आघाडीत ठाणे लोकसभा आणि नवी मुंबई त्यांच्याच वाट्याला. ज्या गावात लोकसभेची जागाच वर्षानुवर्षं लढवायला मिळत नाही तिथे कार्यकर्ता करणार काय? उरलेली चार डोकी शहराध्यक्षपदासाठीच भांडणार. दुसरं आहे काय भांडायला?

धामणकर_नाका:
आजोबा तुमचा मान राखून सांगतो, सत्ता नाही म्हणून फुटतात हे अर्धंच खरं. आमची भिवंडी बघा, ठाण्याहून बसने किती लांब, ट्रॅफिक नसेल तर अर्धा तास (म्हणजे कधीच नाही). २०१७ ला इथे काँग्रेसला ९० पैकी ४७, स्वतःच्या जिवावर बहुमत, अख्ख्या जिल्ह्यात असं दुसरीकडे कुठेच नाही. पहिली अडीच वर्षं महापौर पण काँग्रेसचा. आणि डिसेंबर २०१९ ला, मुंबईत महाविकास आघाडीचं सरकार बसून आठवडा झाला असेल, राज्यात सत्ता हातात आणि इथे महापौर निवडणुकीत काँग्रेसचे १८ नगरसेवक फुटले. कोणार्क विकास आघाडी या स्थानिक आघाडीच्या प्रतिभा पाटील महापौर, त्यांच्याकडे स्वतःचे नगरसेवक बोटावर मोजण्याएवढे. ४७ घेऊन विरोधी बाकावर बसणारा पक्ष मी तरी दुसरा बघितला नाही. सत्ता होती, बहुमत होतं, सरकार होतं. मग?

आमच्याकडे जागावाटपाचं पण तेच दुखणं. २००९ ला भिवंडी लोकसभा काँग्रेसची, सुरेश टावरे खासदार. २०२४ ला तुतारीला दिली, पक्षातले रुसले, तरी बाळ्यामामा म्हात्रेंनी केंद्रात मंत्री असलेल्या कपिल पाटलांना पाडलं. जागा दिली ते बरोबर होतं की चूक? मला अजून ठरवता येत नाही.

कळवा_फाटक:
४७ घेऊन विरोधी बाक 😭 हे फ्रेम करून लावा कुणीतरी

सेक्टर_१७_वाशी:
@धामणकर ओके हा मुद्दा मान्य. पण बघा ना, महायुतीतला माणूस रुसला तर त्याला महामंडळ देतात, विधान परिषद देतात, भावाला कंत्राट मिळतं. तुमच्याकडे रुसला तर फक्त समजूत काढतात. समजुतीवर घर चालत नाही भाऊ. आजोबा पण फिरून तेच म्हणतायत.

नेरूळचा_सांगलीकर:
समजूत तरी कुठं काढतात हो. कोल्हापूर उत्तरला काय झालं? आधी राजेश लाटकरांना तिकीट, मग दगडफेक झाली म्हणून बदलून मधुरिमाराजेंना, आणि त्यांनी अर्ज मागं घ्यायच्या शेवटच्या दिवशी माघार घेतली. तिथले काँग्रेसचे नेते सतेज पाटील सगळ्यांसमोर भडकले. शेवटी अपक्ष लाटकरांनाच पाठिंबा, आणि कोल्हापूर उत्तरला पण पंजा मशीनवर नाही. म्हणजे तुमच्या बाबांसारखे तिकडं पण पुष्कळ असतील. तुमच्याकडं जागा मित्रपक्षाला गेली म्हणून, आमच्याकडं हातची घालवली म्हणून.

घोडबंदर_ट्रॅफिक_पीडित:
मला एक सांगा, हर्षवर्धन सपकाळ फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रदेशाध्यक्ष झाले, त्यांचा स्वतःचा असा मोठा गट नाही म्हणूनच केलं असं सगळे म्हणतात. हा प्लस की मायनस? गट नाही म्हणजे कुणाचा राग नाही. पण मग त्यांचं ऐकणार कोण?

नौपाड्याचे_आजोबा:
दोन्ही. आणि धामणकरांचा मुद्दा माझ्या मुद्द्याला छेद देतो हे खरं आहे, त्यावर मला उत्तर सुचत नाही. भिवंडीत सगळं होतं.

पोखरण_रोड_२:
सगळ्यांना थँक्स, एवढं चांगलं लिहाल असं वाटलं नव्हतं, मी शिव्यांची तयारी ठेवली होती. माझं मत थोडं बदललं. मी समजत होतो नेते भांडतात, हायकमांडने दोघांना समोर बसवलं की झालं. पण सांगली, हरियाणा, भिवंडी तिन्हीकडे बघितलं तर भांडणापेक्षा भांडण झाल्यावर कुणी काही करत नाही हेच जास्त दिसतंय. सांगलीत बंड करणाऱ्याला बक्षीस, हरियाणात जिल्हाध्यक्ष नकोच, भिवंडीत अठरा जण गेले आणि ते जाणार हे कुणाला आधी कळलं पण नाही. म्हणजे मालकच नाही दुकानाला. सेक्टर १७ वाल्यांचा मुद्दा मात्र डोक्यातून जात नाही, समोरचे पण भांडतात आणि जिंकतात.

बाबांना आत्ता हे सगळं वाचून दाखवलं. १९७८ वर दहा मिनिटं बोलले, तिरपुड्यांवर पण, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग विचारलं, पालिकेला पॅनल आहे ना, चार मतं द्यायची ना या वेळी पण? म्हटलं हो चार. म्हणाले, मग चारात एक तरी पंजा असेल का बघून ठेव, नसेल तर रिक्षाचे पैसे वाया घालवू नको.

नौपाड्याचे_आजोबा:
त्यांना म्हणावं चष्मा घेऊन जा. चार याद्या असतात आणि अक्षर बारीक.