वडिलांची सिगारेट सुटली, आता खाणं-पिणं कसं बसवायचं?

गवतीचहा: वडील ५८ वर्षांचे, रोज १०-१२ सिगारेटी ओढायचे. सोडून नऊ दिवस झाले. डॉक्टरांनी २ मिलिग्रॅमचे निकोटिन गम दिलेत. सारखं तोंडात काहीतरी हवं असतं, फरसाणाचा डबा दोन दिवसांत रिकामा. पोट साफ होत नाही, रात्री झोप नाही, हात थरथरतात. चहा सहा कप, शेवटचा रात्री नऊला. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. जेवणात काय बदलू?

माळरान: जेवणाच्या आधी चहाकडे बघा. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफिन झपाट्याने मोडत असतं. धूर थांबला की आठवडाभरात तो वेग उतरतो आणि कॅफिन अंगात जास्त वेळ राहतं. कप तेच सहा, पण अंगाला जवळपास दुप्पट लागतात. धडधड, चिडचिड, झोप उडणं ही सगळी सिगारेट सोडल्याची लक्षणं समजून माणूस पुन्हा पेटवतो, म्हणून हे आधी सांगतोय. सहाचे तीन करा, शेवटचा दुपारी चारला. चहाबरोबर सिगारेटची सवय असेल तर कप आणि बसायची जागाही बदला.

थरथर मात्र चहाचीच असेल असं धरू नका. त्या वेळी साखर मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी परत मोजा आणि गोळ्यांबद्दल डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. सिगारेट सुटल्यावर साखरेचं गणित बदलू शकतं.

हुरडा: तलफ बहुतेक वेळा पाचेक मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ हात आणि दात गुंतले पाहिजेत. फरसाण घरात आणूच नका. भाजलेल्या शेंगा टरफलासकट द्या, सोललेले दाणे नकोत. एकेक शेंग फोडत मूठभर दाणे खायला दहा मिनिटं जातात, सोललेले दाणे दोन मिनिटांत संपतात. नाहीतर फुटाणे, काकडी-मुळ्याच्या बोटभर फोडी, आवळ्याच्या फोडी. मुखवासाला भाजलेली बडीशेप चालेल, पण सुपारी अजिबात नको. तंबाखू नसली तरी सुपारीने तोंडाचा कर्करोग होतो.

निकोटिन आतड्यांना चालना देतं, ते कमी झालं की पोट अडतं. रात्री एक चमचा इसबगोल पेलाभर पाण्यात घालून लगेच प्यायला द्या. पाणी कमी पडलं तर तेच घट्ट होऊन उलट अडकतं. गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा. जेवणात ज्वारीची भाकरी, पालेभाजी, पिठलं किंवा उसळ. जेवणाची वेळ टळू देऊ नका, रिकाम्या पोटी तलफ जास्त छळते.

माळरान: आवळा उत्तम, फक्त गमच्या वेळेला नको. आंबट काही खाल्लं की तोंडातून निकोटिन नीट शोषलं जात नाही आणि गम वाया जातो. गमच्या आधी १५ मिनिटं आणि तो तोंडात असताना साधं पाणी सोडून काही नको. सारखा चघळायचाही नाही: झिणझिण्या आल्या की गालात धरून ठेवायचा, त्या ओसरल्या की परत चावायचा. भराभर चावला तर रस पोटात जाऊन मळमळ आणि उचक्या.

क जीवनसत्त्वासाठी रोज एक पेरू पुरे. फुप्फुसांसाठी म्हणून बीटा-कॅरोटिनच्या (गाजराला नारिंगी रंग देणारं द्रव्य) गोळ्या कुणी सुचवल्या तर घेऊ नका, धूम्रपान करणाऱ्यांमध्ये त्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसला आहे. गाजर खुशाल खाऊ द्या.